वाजवून घेतलेला मास्क

कलिंगड असो, माठ असो की शाळेसाठी घ्यायचा बाक, आमचे आबा आधी उजव्या हाताचं बोट वाकवून त्याच्यावर टक टक करायचे. मग कान जवळ न्यायचे, एक डोळा मिटायचे आणि थोडा वेळ तसेच राहायचे. "वाजवून घ्यावं, सर," ते मला सांगायचे, "फसत न्हाई माणूस." असा एखादा गृहस्थ तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुमची शाळा आमच्यापेक्षा जास्त पैसे घालवत असणार.

हसनाबादजवळच्या आमच्या गावात आबांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि ते शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते. मी तिथला खेळाचा शिक्षक. शाळेला झाडू घ्यायचा असला तरी तो आबांच्या दुकानात, खताच्या गोण्यांवर बसून मंजूर व्हायचा.

मी मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ काढला. कारण काही फार उदात्त नव्हतं. आमच्याकडे या खेळाचे संघ बोटावर मोजण्याइतके. दोन सामने जिंकले की पोरी पुढच्या स्पर्धेला जाणार आणि दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळणार. गुण म्हटल्यावर घरचे लगेच तयार झाले. राहिले आबा. त्यांनी माझी यादी हातात घेतली आणि कानामागची पेन्सिल काढली.

"हातमोजा एकाच हातात? मंग अर्ध्या किमतीत द्यायला पायजे."

"आबा, तो एकच येतो."

"बरं. पण नऊ कामून? समोरच्या पोरी बॅट घेऊन राह्यल्या की त्यांचे मोजे रिकामेच पडणार. उसने मागायचे. पाच बस झाले."

या बोलण्यात खोट काढता येईना, म्हणून मला जास्तच राग आला. पेन्सिल पुढे सरकली आणि मास्कवर थांबली. बॅट मारणारीच्या मागे जी मुलगी चेंडू झेलायला बसते, तिच्या तोंडाला लोखंडी जाळीचा मास्क लागतो, असं मी समजावून सांगितलं.

"त्याला इतका खर्चा? माझं हेल्मेट हाय की. पोलिसाच्या भीतीनं घेतल्तं, तसंच पडलंय."

मागे बसायची ती सानिया, वेल्डिंगवाल्या शब्बीरभाईंची मुलगी. अंगाने एवढीशी, पण चेंडूला न घाबरणारी संघातली एकटीच. आबांचं हेल्मेट तिच्या खांद्याला टेकलं. काच खाली पडायची, चेंडू मागे निघून जायचा आणि ती आतून विचारायची, "सर, आला का?"

तिसऱ्या दिवशी तिने ते काढून बाजूला ठेवलं आणि उघड्या तोंडाने बसली. मी सराव बंद केला. मास्क येईपर्यंत खेळ नाही, असा निरोप दुकानात पाठवला. आबा गल्ला तसाच सोडून मैदानावर आले.

"एवढं काय लागतंय? मी बसतो मागं. टाक गं पोरी."

पांढरा पायजमा सावरत ते उकिडवे बसले. चेंडू टाकणारीने बिचारीने हळूच टाकला. पण बॅट जिच्या हातात होती तिने आबांना पाहून जोरात फिरवली. चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि सरळ आबांच्या कपाळावर. टोपी उडाली. हा चेंडू नावालाच मऊ असतो, हे त्या दिवशी समितीला कळलं.

पोरी पांढऱ्याफटक पडल्या. आबांनी टोपी उचलून मांडीवर ठेवली. मग त्यांनी बोट वाकवलं आणि स्वतःच्याच कपाळावर टक टक केलं.

"पक्कं हाय."

पोरी खो खो हसत सुटल्या. आबा मात्र हसले नाहीत. ते सानियाकडे बघत होते.

"माझं वाजवून झालं, सर. पोरीचं वाजवून बघायचं न्हाई. उद्या जालन्याला जाऊ."

तोपर्यंत मला त्या माणसाचा राग यायचा. त्या दिवसापासून मला तो फार आवडायला लागला.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या दुकानात आबा हळद लावलेलं टेंगूळ घेऊन उभे. दुकानदाराने मास्क दाखवला. टक टक. एक डोळा मिटून, "दुसरा दाखवा." असे तीन परत गेले, चौथा पसंत पडला, तो सगळ्यात महाग. मग आबांनी कपाळ पुढे केलं. "ह्याचं कायतरी कमी करा." दुकानदाराने खरंच कमी केलं. मास्क आणि छातीचं कवच भारीतलं आलं, मोजे पाचच राहिले आणि बॅटी चाराच्या दोन झाल्या.

"पोरीला लागतंय तिथं भारी घ्यायचं," आबा म्हणाले. "चेंडूला लागतंय तिथं हलकं चालतंय."

परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, "आबा, आवाजावरून नेमकं कळतं काय?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कानाशी आले. "काहीच न्हाई. आपण वाजवायचं अन् इकणाऱ्याचं तोंड बघायचं. माल कच्चा असला की त्याची नजर हलते. बोलू नका कुठं."

मी कुठेच बोललो नाही.

सामन्याला त्यांनी मोसंबीचं पोतं आणलं. "मोजे उसने द्या, मोसंबी खा," म्हणत समोरच्या संघाला पटवलं. सामना रंगात आला असताना एक चेंडू बॅटची कड घेऊन सानियाच्या मास्कवर बसला. ठण्ण! सानियाने मास्क वर सरकवला. आत नाक, डोळे, दात सगळं जागच्या जागी, आणि वर हसू. "खर्चा वसूल!" आबा टोपी उडवत ओरडले. पुढचा सामना आम्ही सपशेल हरलो आणि गुण कुणालाच मिळाले नाहीत. आबांना त्याचं काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी आबा गेले. खरेदीची यादी लिहायला बसलो की मला त्यांची फार आठवण येते. नवे अध्यक्ष तरुण आहेत, सगळी खरेदी मोबाईलवर करतात. यंदा जुन्या मास्कचे पट्टे तुटले तेव्हा त्यांनी मला फोटो दाखवला. "हा बसतो बजेटमध्ये. चालेल ना, सर?" जाळी फोटोतही बारीक दिसत होती. मला एसटी गाठायची होती. मी म्हणालो, "चालेल."

रविवारी खोकं उघडलं. सानिया आता कॉलेजात आहे आणि सुट्टीला लहान मुलींना शिकवायला येते. आता मागे बसणारी आठवीतली मुलगी हात पुढे करून उभीच होती. मी मास्क काढून सानियाकडे दिला.

तिने बोट वाकवलं. टक टक. मास्क कानाशी नेला, एक डोळा मिटला. दुसरा डोळा माझ्या तोंडावर होता.

म्हणजे आबांनी हिलाही सांगितलं होतं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. ती सुटलेली नव्हती.

"सर," सानिया म्हणाली, "परत पाठवा."