सासू-सुनेची दहावी

शिक्षक एकदा निवृत्त झाला की त्याच्याकडं किस्से जमायचे थांबतात, असा माझा समज होता. मग उदगीरच्या अक्कांनी मला बोलावलं. शाळा सुटलेल्या बायकांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं, हे अक्कांचं काम. मी तिथं फुकट गणित शिकवतो आणि किस्से घरी नेतो.

*

अक्का विद्यार्थिनी शोधत एका खेड्यात गेल्या. ओसरीवर बसलेले गृहस्थ म्हणाले, "घरात बाया न्हाईत. शेताला गेल्यात."

"येईपर्यंत बसते," म्हणत अक्का टेकल्या.

थोड्या वेळानं दाराआडून बांगड्यांचा एक हात चहाचा कप ठेवून गेला. अक्कांनी घोट घेतला.

"लई झकास हाय हो. कुणी केला?"

*

गृहस्थ नरमले, पण पुरते नाही. त्यांची सून सविता. नववीनंतर शाळा सुटलेली, पुढं शिकायची फार इच्छा.

"सून एकटी उदगीरला जाणार न्हाई," त्यांनी निकाल दिला. "सासू संगं असंल तरच."

"मग सासूबाईंचाही फॉर्म भरू. शाळेत गेल्या होत्या का?"

"केवळबाई? अन् शाळंत? छे!"

आतून आवाज आला, "पाचवी पास हाय मी!"

लग्नाला तीस वर्षं झाली होती. मालकांना हे त्या दिवशी कळलं!

*

सविता हुशार, पण वर्गात सासूसमोर तोंड उघडायची नाही. उत्तर सासूच्या कानात सांगायची आणि सासू ते खणखणीत आवाजात मला सांगायची. अक्कांनी सुनेला पुढच्या बाकावर बसवलं. तर सासूकडं पाठ कशी करायची म्हणून ती आठवडाभर आडवी बसून बीजगणित शिकली.

शेवटी केवळबाईच वैतागल्या. "अगं, फळ्याकडं बघ की! मी काय पळून चाललेय?"

*

एकदा नांदेडहून पाहुणे आले. महिला सक्षमीकरण, दीड तास. केवळबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, आमची एसटी चारला हाय. उरलेलं सक्षम उद्या झालो तर चालंल का?"

अक्का तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या.

*

मार्चमध्ये दोघी परीक्षेला बसल्या. सविता फर्स्ट क्लास, केवळबाई गणितात नापास. सविताला कॉलेजला जायचं होतं, पण मालकांची अट कायम: सासू संगं असंल तरच. केवळबाईंना गणितासाठी अक्कांकडं यावंच लागणार होतं. त्यामुळं दोघी रोज एकाच एसटीनं यायच्या. सून समोरच्या कॉलेजात अकरावीला, सासू माझ्याकडं.

जुलैत केवळबाई पुन्हा नापास. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा!

खरं सांगतो, मला राग आला. शिकवण्यात आयुष्य गेलं माझं. त्यात परीक्षेच्या आठवडाभर आधी, मी फळ्यावर केलेली चूक याच बाईनं काढली होती.

निकालानंतर त्या आल्या तेव्हा मी विचारलंच. "केवळबाई, वर्गात सगळं येतं तुम्हाला. परीक्षेत काय होतं?"

त्यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि खिडकीतून कॉलेजच्या गेटकडं बघितलं.

"सर," त्या म्हणाल्या, "सविताची बारावी कवा हाय?"