नळी धुतल्याशिवाय चहा नाही

माझे सासरे गेले त्या दुपारी मी घरी येऊन आधी त्यांची रायफल धुतली.

नातेवाइकांच्या ग्रुपवर यावर बरीच चर्चा झाली म्हणे. तर मूळ गोष्ट माझ्याकडूनच ऐका.

आज बाबांची तेरवी झाली. पाहुणे गेले. मला अजून रडू आलेलं नाही.
खरं सांगायचं तर काहीच आलेलं नाही.

बाबांकडे त्यांच्या वडिलांची जुनी रायफल होती, रीतसर परवान्याची. एका वेळी एकच काडतूस घेणारी, आणि काडतुसात काळी बारूद. आजकाल असलं कोणी वापरत नाही. बाबा वापरायचे. दर रविवारी नागपूरबाहेर, वाडीच्या पुढे रायफल क्लबच्या रेंजवर.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचं गाडी चालवणं बंद झालं आणि ड्रायव्हर म्हणून माझी नेमणूक झाली. अमितच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कपाळावर बंदुकीचं नाव काढलं तरी आठी पडायची.

मी आपली एसी लावून कारमध्ये मोबाईल बघत बसायची. एक दिवस बाबांनी काचेवर टकटक केली.

"गाडीत बसून काय करून राहिली? उतर."

पहिली गोळी झाडली तेव्हा खांदा बधिर झाला आणि समोर नुसता पांढरा धूर. टार्गेट गायब. दिवाळीच्या दुसऱ्या सकाळी गल्लीत असतो तसला वास. लागली का, लागली का, म्हणून मी त्यांना भंडावून सोडलं.

"धूर जाऊ दे. तुले काहून घाई?"

लागली होती. शेजारच्याच्या टार्गेटला.

मग हळूहळू शिकले. प्रत्येक गोळीनंतर नळीत काजळी बसते. ती वाळली की पुढची गोळी भरकटते. म्हणून रिकामं काडतूस काढलं की मागच्या बाजूनं, एका रबरी नळकांडीतून, तोंडाची वाफ आत फुंकायची. सावकाश. डोळ्यात कचरा गेला की पदराला फुंकून शेकतात ना, तसं.

आणि घरी आल्यावर आधी नळीत उकळतं पाणी. ही काजळी ओल धरते आणि बघता बघता लोखंडाला गंज चढवते. चिंधी पांढरी निघेपर्यंत धुवायचं.
तोवर चहा नाही. ताप असो, पाहुणे असोत, भारताची मॅच असो.

मी एकदा वैतागून म्हटलं, बाबा, माणसानं आधी घोटभर पाणी तरी प्यावं की नाही.

"माणूस थांबते. लोखंड थांबत नाही."

यंदा त्यांना दम लागायला लागला. एका रविवारी त्यांनी फुंकायची नळकांडी माझ्या हातात दिली. मी ती घेतली आणि फुंकू लागले.

त्या शेवटच्या रविवारी तिसरी गोळी मारून ते खुर्चीत बसले आणि छातीवर हात ठेवला. क्लबच्या लोकांनी त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, रायफल डिकीत ठेवली. वाडीच्या ट्रकांमधून मी हॉर्नवर हात ठेवून गाडी काढत होते. मागून आवाज आला.

"नळी धुजो वं."

बस. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

अमित आला. काही बोलले का, म्हणून विचारलं. मी सांगितलं.
थोड्या वेळानं परत विचारलं, माझ्यासाठी काही?
नाही म्हटलं. अशा वेळी खोटं कसं बोलायचं, तेही मला सुचलं नाही.

बाबांना घरी आणलं. नणंद अमरावतीहून निघाली होती, ती येईपर्यंत थांबायचं होतं. हॉल माणसांनी भरलेला. मी डिकीतून रायफल काढली, किचनमध्ये नेली आणि गॅसवर पातेलं चढवलं.

घरात मयत असताना चूल पेटवत नाहीत. मला माहीत आहे, मी नागपुरातच वाढले. पण तेव्हा डोक्यात आलंच नाही. एवढं एकच काम मला समजत होतं.

चुलतसासूबाई धावत आल्या आणि गॅस बंद केला.
"मयत समोर आहे, अन् तू गॅस पेटवून राहिली? अन् हे काय, बंदूक?"

त्यांचं काहीच चुकलं नाही. मी तशीच उभी राहिले. पाणी कोमटही झालं नव्हतं.

दारात अमित होता. आता हा ओरडणार, असं मला वाटलं. तो वळून मागच्या अंगणात गेला. तिथे तीन विटांवर हंडा तापत होता, बाबांच्या शेवटच्या आंघोळीसाठी.
त्यातलं बादलीभर पाणी तो घेऊन आला.

मोरीत मी रायफल धरली आणि तो पाणी ओतत राहिला. जन्मात त्यानं तिला हात लावला नव्हता. "थांब", "अजून", एवढंच आमचं बोलणं. चिंधी काळी निघाली, मग करडी, मग पांढरी. मी तेल लावलं.

तो ती पांढरी चिंधी मुठीत धरून हॉलमध्ये गेला. बाबांच्या कानाशी वाकला.

"बाबा, नळी धुतली."

मग तो रडला. लहान पोरासारखा. मी नुसती बघत होते.

उद्या रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची आहे. परवाना बाबांच्या नावावर होता. माझ्या नावावर होईल का, कोणी नीट सांगत नाही. अर्ज करू, असं अमितच म्हणतो. ठाण्यात तिच्यातून चिंधी कोण फिरवणार, हेही तोच विचारतो.

आत्ता पाहुणे गेल्यावर मी चहा टाकायला उठले, तर म्हणाला, आधी नळी बघू.
बघितली. चिंधी पांढरी निघाली.

आता चहा घेतो आम्ही, बाबा.
माझ्यासमोरचा धूर अजून गेलेला नाही. पण मी घाई करत नाही.

निघा तुम्ही सावकाश. या बाबा.