मागच्या दाराखालची पायरी

ती पायरी मी दहा मिनिटांत कापली. ग्राइंडर लावला, दोन्ही अँगल तोडले, वेल्डिंगचे फोड घासून सपाट केले आणि पुढच्या कामाला लागलो. गाडी जुनी, मार्क टू अँबॅसिडर. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या मागच्या डाव्या दाराखाली लोखंडी पायरी नव्हती, म्हणजे ती भेसळ होती. भेसळ दिसली की माझा हात थांबत नाही.

हा नोकरीचा गुण. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीसाठी मी गेली एकोणतीस वर्षं प्लॉट तपासतोय. बियाण्यासाठी लावलेल्या कपाशीच्या ओळींतून चालायचं आणि पान, फूल, उंची जराही वेगळी दिसली की ते झाड मुळासकट उपटायचं. शेतकरी हळहळतो. "साहेब, चांगलं बोंडावर आलेलं झाड हाय हो," म्हणतो. मी ऐकत नाही. त्या वाणाचं नाही ना, मग त्याला किती का बोंडं लागेनात. असा माणूस सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करायला लागला, तर तिथे तरी वेगळा कसा वागणार? बायको म्हणते, मी रविवारीही प्लॉटच तपासत असतो, फक्त चाकं असलेला.

ही गाडी मला मंठ्याला सापडली. प्लॉटवरून परतताना चहाला थांबलो, तर टपरीच्या मागे कडुलिंबाखाली ती उभी. चारही चाकं मातीत रुतलेली, टपावर लिंबोळ्यांचा थर, बॉनेटवर कुणाची तरी गोधडी वाळत टाकलेली. दिव्यांच्या मधली चौकटीचौकटीची जाळी शाबूत होती. ती बघितली आणि चहा तसाच राहिला.

मालक शेजारच्याच घरात राहत होते. सत्तरी ओलांडलेले, दाढीला मेंदी लावलेली, पाठ ताठ. मी त्यांना पहिल्या दिवसापासून चाचा म्हणू लागलो. या गाडीवर त्यांनी तीस वर्षं भाडी मारली होती. जालन्याच्या दवाखान्यात पेशंट, परतूर स्टेशनला पाहुणे आणि लग्नसराईत नवरदेव. आता मुलाला त्या जागेवर दुकान काढायचं होतं, म्हणून गाडी विकायची होती. मी चाचांना दोन तास प्रश्न विचारले. इंजिन कधी उतरवलं, गिअरबॉक्स मूळचा आहे का, रंग किती वेळा दिला, दारं कुठल्या गाडीची. त्यांनी एकाही प्रश्नाचा कंटाळा केला नाही. सौदा ठरल्यावर मात्र एक अट घातली.

"भाऊ, गाडी चालू झाली का पहिली फेरी आमची. मी चालवनार, मागं आमची घरवाली. शहागडला जायचं. तिचं मायेर हाय तिथं, बहीन हाय. ह्याच गाडीत जायची ती. गाडी बंद पडली तवापासून गेलीच न्हाई. दहा वर्षं झाले."

"एसटी आहे की," मी म्हणालो.

"एसटीत तिला चढता येत न्हाई. आन लोकायच्या गाडीत बसायला तिला बराबर वाटत न्हाई. उतरवा, चढवा, कोन करन?"

मी शब्द दिला. तेवढ्यात चाची बाहेर येऊन चहा ठेवून गेल्या. ठेंगण्या, डावा पाय ओढत चालणाऱ्या. मला ते दिसलं, नाही असं नाही. पण मी त्या वेळी मागच्या बंपरकडे बघत होतो.

गाडी टेम्पोत घालून जालन्याला आणली आणि भेसळ काढायला घेतली. टपावरचं लोखंडी कॅरिअर, डॅशबोर्डवरचा पंखा, ट्रॅक्टरचा मागचा लाल दिवा, सीटांवरचं पोपटी रेक्झिन आणि ती पायरी. सगळं भंगारवाल्याला दिलं. जालन्यात भंगार फार दिवस पडून राहत नाही, भट्टीत जाऊन सळई होऊन बाहेर येतं. मला त्याचं काहीही वाटलं नाही.

पुढचे सोळा महिने मात्र फार सुखाचे गेले. ज्याला हा नाद नाही त्याला त्यातली गंमत सांगून कळत नाही. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला मूळ रंगाचा तळहाताएवढा पट्टा शाबूत सापडला, राखाडीकडे झुकणारा निळा, तेव्हा मी शेडमध्ये एकटाच हसलो. तो रंग जुळवायला रंगवाल्याकडे सात खेपा घातल्या. सातव्या खेपेला त्याने डबा आणि काडी माझ्याच हातात दिली आणि म्हणाला, "आता तुमीच कालवा." सीटच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. नव्या टाकल्या, वर काथ्या ठासून भरून घेतला आणि सीट कारखान्यातून येते तेवढी उंच केली. कार्ब्युरेटर चौथ्यांदा उघडून जोडला, तेव्हा इंजिन पहिल्यांदा एकसारखं चाललं. मी अर्धा तास नुसता ऐकत उभा होतो. शेवटी बायको बाहेर आली आणि म्हणाली, "शेजारचे विचारताहेत, बाळ कधी झोपणार?"

मधूनमधून चाचांचा फोन यायचा. "झाली का हो भाऊ?" मी म्हणायचो, झालीच. आणि खरंच झाली तेव्हा संभाजीनगरला जुन्या गाड्यांचा मेळावा आठ दिवसांवर आला होता. मी गाडी आधी तिकडे नेली. चाचांना दिलेला शब्द मला आठवत होता. पण एवढ्या लांबच्या प्रवासाला म्हाताऱ्या माणसांना बसवण्याआधी चाचणी नको का, अशी मी स्वतःची समजूत घातली. मेळाव्यात परीक्षक गुडघ्यावर बसून, बॅटरी मारून गाडी खालून बघत होते. त्यांना बाहेरची एक वस्तू सापडली नाही. 'मूळ स्वरूपातील उत्कृष्ट गाडी' असं प्रमाणपत्र मिळालं. ते पुढच्या काचेला आतून चिकटवून मी पुढच्या रविवारी मंठ्याला गेलो. मिरवायचंच होतं, खोटं कशाला सांगू.

चाचा इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून रस्त्यावर उभे होते. चाची बुरखा घालून तयार. हातातल्या पिशवीत बहिणीसाठी बांगड्या. टपरीवरची दहाबारा माणसं गाडीभोवती जमली. चाचांनी गाडीला चक्कर मारली, बॉनेटवरून हात फिरवला, जाळीला बोट लावलं. "बिलकुल शोरूममधून आनल्यावानी केली, भाऊ," म्हणाले. मला आकाश ठेंगणं झालं. मग त्यांनी जुन्या सवयीने मागचं डावं दार चाचींसाठी उघडून धरलं.

चाचींनी खाली न बघता उजवा पाय उचलला आणि दाराखाली टेकवायला गेल्या. तिथे काहीच नव्हतं. पाय आदळत खाली आला, त्यांचा तोल गेला. दार धरलं म्हणून पडल्या नाहीत.

"पायरी किधर गई?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

चाचांनी वाकून दाराखाली हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. "काढली का?"

"ती मूळची नव्हती, चाचा."

"हौ. मीच लावल्ती. तिचा खुबा मोडल्ता तवा, लोहाराकडून करून घेतल्ती."

मग आम्ही सगळ्यांनी मिळून एका बाईला गाडीत चढवायचा प्रयत्न केला, आणि ते बघण्यासारखं नव्हतं. मी सुचवलं, आधी सीटवर टेका, मग पाय आत घ्या. पण मी उंच केलेली सीट त्यांच्या कमरेपर्यंत येत होती. कुणीतरी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, ते पायाखाली डुगडुगलं. चाचा मातीत एक गुडघा टेकून बसले आणि दुसरा गुडघा पुढे केला. "इसपे पाँव रख," म्हणाले. चाचींनी जमलेल्या माणसांकडे एकदा बघितलं. "नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लोगां देख रहे. फिर कभी जाएंगे." पिशवी घेऊन, पाय ओढत त्या घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

माणसं पांगली. चाचा गुडघ्याची माती झटकत उठले आणि मला चहा पाजला. मी विचारलं, "चाचा, पायरीचं मला आधी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आन तुमी समदं इतकं बारकाईनं पाहून राह्यले व्हते. मला वाटलं, पायरी कोनासाठी हाय ते तुमाला समजलंच आसन."

परत येताना मला आधी चाचांचाच राग आला. सोळा महिने फोन करतात, एकदा म्हणायला काय झालं होतं? मग तो राग पुरेना. दोन तास मी त्या माणसाला प्रश्न विचारले होते, गिअरबॉक्सचा इतिहास विचारला होता, आणि चहा आणून देणारी बाई समोर लंगडत गेली तरी दाराखाली पायरी का आहे हे मला सुचलं नव्हतं. वाटूर फाट्याला थांबून मी काचेवरचं प्रमाणपत्र काढलं. मला लाज वाटली. घरी बायकोला सगळं सांगितलं, तर ती फक्त म्हणाली, "मग आता बसवा परत."

बसवायला घेतली. जुनी पायरी केव्हाच वितळली होती, पण गाडी घेतली त्या दिवशीचे फोटो फोनमध्ये होते. ते मोठे करकरून लांबीरुंदी काढली. तसाच खडबडीत नक्षीचा पत्रा मिळवला. फ्रेमवर जुन्या वेल्डिंगचे चट्टे रंगाखाली बोटांना लागत होते, बरोबर त्यांच्यावरच नवे अँगल बसवले. वर निळा रंग दिला. पायरी इतकी हुबेहूब झाली, की मी फोटो समोर धरून पुन्हा पुन्हा बघत होतो. "म्हणजे आता पायरीसुद्धा ओरिजनल?" बायको म्हणाली. मला तो टोमणा कळला, पण आवडला नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा मंठा. या वेळी मी सकाळी लवकर गेलो, टपरी उघडायच्या आत. चाची बाहेर आल्या, पायरी बघून त्यांना बरं वाटलं, तसं त्यांनी नवऱ्याला सांगितलंही. दार धरून, अधू डाव्या पायावर भार देत त्यांनी उजवा पाय उचलला. पाय पायरीच्या चार बोटं खालीच थांबला. खाली ठेवला, दम घेतला, पुन्हा उचलला. तेवढाच उचलला गेला.

आणि मी काय केलं? खिशातून फोन काढला. "बरोबर तिथंच आहे हो चाचा," म्हणालो. "हे बघा, फोटोत आहे अगदी तिथंच." मी खरोखर तो फोटो त्या दोघांपुढे धरला.

चाची आतापर्यंत माझ्याशी थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी फोटो नीट बघितला. "फोटो तो गाडी का है, भाऊ," त्या म्हणाल्या. "पाँव मेरा है."

मी फोन खिशात ठेवला. दहा वर्षांपूर्वीच्या पायाला ती पायरी बरोबर होती. आज तो पाय तिथवर येत नव्हता, एवढी साधी गोष्ट मला कळायला बाईमाणसाला रस्त्यावर दोनदा पाय उचलायला लावावं लागलं.

शंभर पावलांवर वेल्डिंगचं दुकान होतं. मी गाडी तिथे नेली, चाचा आणि चाची मागून सावकाश चालत आले. वेल्डरने माझी पंधरा दिवसांची हुबेहूब पायरी कापून काढली. त्यालाही दहाच मिनिटं लागली. चाचींनी उघडं दार दोन्ही हातांनी धरलं. चाचा त्यांच्या पायाशी उकिडवे बसले, हातात खडू.

"उठाव," ते म्हणाले. चाचींनी पाय उचलला.

"बस इतनाच?"

"इतनाच."

चाचांनी दाराखालच्या कडेपासून खाली एक पट्टी उभी धरली आणि पायाचा तळवा जिथवर आला होता तिथे तिच्यावर खडूची रेघ मारली. मी रेघेवर पत्रा धरला आणि राहवलं नाही म्हणून म्हणालो, "चाचा, एवढी खाली घेतली तर प्रत्येक स्पीडब्रेकरला घासणार."

"घासन तर घासन," चाचा म्हणाले. मग त्यांनी चाचींच्या पायाकडे बघितलं आणि आवाज उतरवून मला म्हणाले, "रेघेच्या खाली दोन बोटं धरा, भाऊ. पुढच्या सालीबी जायचं हाय."

मी पत्रा दोन बोटं खाली धरला. रंग वगैरे काही दिला नाही; वेल्डिंग गार झाल्यावर चाची त्याच्यावर पाय ठेवून कुणाचाही हात न धरता आत बसल्या. मी किल्ली चाचांना दिली, आणि आम्ही परतूरच्या रस्त्याने शहागडला निघालो.