होडीच्या टोकावरचं कापड

सोलापुरात होडी बांधतेय म्हटल्यावर लोक आधी माझ्याकडे आणि मग कोरड्या आभाळाकडे बघायचे. उजनी धरणाच्या पाण्यात जाऊन पक्षी बघायचे, एवढ्यासाठी मी अंगणात प्लायवूडची होडी मांडली होती. माझे वडील, आप्पा, यांचा जन्म मागावर गेलेला. त्यांनी निकाल देऊन टाकला होता, "बँकेतल्या बाईनं केलेल्या होडीत मी न्हाय बसनार." आणि मला तर पहिल्यांदा त्यांनाच बसवायचं होतं. दुसरं कुणी बसो न बसो.

होडी पालथी घालून तिच्यावर फायबरचं कापड आणि ते चिकटवून कडक करणारं रेझिन चढवायचं होतं. रेझिन ओलं असतानाच वरून पॉलिस्टरचं कापड दाबून बसवायचं. त्याला पील प्लाय म्हणतात. रेझिन घट्ट झालं की ते सोलून टाकायचं. खाली एकसारखा खरखरीत पृष्ठभाग राहतो आणि पुढचा थर त्याला पक्का धरतो. मी साधं अस्तराचं कापड आणलं होतं. आप्पांनी नाक मुरडलं. "सोलापुरात ऱ्हाऊन पालिस्टर?"

टोकाला कापड कमी पडलं. मी आत शोधायला गेले तेवढ्यात आप्पांनी आपल्या मागावरच्या शेवटच्या ताग्यातला, जपून ठेवलेला सुती तुकडा तिथं दाबून बसवला. सूत रेझिन पितं, मग ते सोलून निघत नाही. मी परतले तोवर उन्हानं रेझिन धरायला लागलं होतं. ओढलं असतं तर खालचं फायबरही उचकटलं असतं. मी तोंडाला येईल ते बोलले. ते घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सोलायला घेतलं. पॉलिस्टर चरचरत निघालं आणि मी थक्क होऊन बघत राहिले. कापड माझ्या हातात होतं आणि त्याचा एकेक उभा-आडवा धागा होडीवर उमटलेला. इतक्या स्वस्त अस्तरात एवढं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आप्पा कधी आले कळलं नाही. त्यांनी बोटं फिरवली.

"कापड गेलं, पन ईण ऱ्हायली की," ते हळूच म्हणाले.

मग टोक. कडेचे चार धागे तुटले, बाकीचं सूत जागचं हललं नाही. आम्ही दोघांनी ओढून पाहिलं.

"घासून काढ," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी घासपेपर घेतला आणि थांबले. रेझिन पिऊन ते कापड जवळजवळ आरपार झालं होतं. खाली लाकडाच्या रेषा, वर आप्पांची वीण. करायला गेले गणपती, झाला मारुती. पण तो मारुती मला फार आवडला. मी त्याच्यावरच पुढचा थर दिला.

उजनीच्या काठावर होडी पाण्यात ढकलली, तेव्हा आप्पांनी चपला काढल्या. "हितं बसतो," म्हणाले, आणि टोकाशी जाऊन बसले. दोन्ही हातांनी कड आवळून धरलेली. काठ लांब गेला तशी त्यांची मान ताठ झाली. मी वल्हवत राहिले.

बऱ्याच वेळानं त्यांनी एक हात सोडला. वाकून तो पाण्यात घातला आणि बाहेरून होडीचं टोक चाचपत राहिले.

"धरलंय," ते म्हणाले. "चल म्होरं."