पान त्र्याहत्तर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलाला नाही, आणि ज्या कार्यालयांत मी आयुष्यभर दुसऱ्यांविरुद्ध तक्रारी दाखल केल्या तिथे तर नाहीच. माझ्या अर्जांची रीत ठरलेली आहे: आधी दिवस, मग जबाबदार व्यक्ती, शेवटी मागणी. तीच रीत इथे पाळतो. दुसरी मला येत नाही.

पोळ्याचा आदला दिवस. चूक दाखवून दिली गेली आणि ती दाबली गेली. जबाबदार: मी. दसऱ्यानंतरचा सोमवार. तीच चूक शोधनिबंधात घालून छापायला पाठवली. जबाबदार: मी. पुढच्या वर्षीची संक्रांत. नोंदवहीतले एक पान फाटले — नाही, मी फाडले. रंगपंचमीनंतरचा गुरुवार. चौकशी समितीची बैठक. त्या दिवसाला समितीचे तिघे सभासद जबाबदार, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस ऐकवले. त्यांनी काय केले होते? माझ्यावर विश्वास ठेवला होता.

निवृत्तीनंतर मी भूमला राहतो. त्याआधी तालुक्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, विभागप्रमुख झालो, आणि उतारवयात प्रथिनांच्या रचनेकडे वळलो. विषय अवघड वाटतो, तसा नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. प्रत्येक कडीला क्रमांक असतो. साखळी स्वतःभोवती घडी घालते, तेव्हा क्रमाने दूर असलेल्या कड्या शेजारी येतात. अंतराची एक मर्यादा ठरवायची. तिच्या आत ज्या दोन कड्यांचे अणू येतील त्यांचा संपर्क आहे असे धरायचे. कोणत्या कडीचे संपर्क जास्त, कोणती कडी सगळी घडी धरून ठेवते, हे शोधायचे. एवढेच आमचे काम.

हे माझ्यापेक्षा चांगले वर्षा सांगायची. वर्षा माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, गाव सास्तूर, वडिलांचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "सर, हे आमच्या गावासारखंच हाय. भूकंपानंतर घरं रांगेत बांधली, नंबर पडले. पण बाराव्या घरातली आजी बसायला जाते ती साठाव्या घरात, जुन्या शेजारणीकडं. नंबरावरून काय कळतंय?" मी हसलो नाही. मी विद्यार्थ्यांसमोर हसत नसे.

आम्ही अभ्यासत होतो त्या विकरात, म्हणजे एन्झाइम प्रथिनात, दोनशे चौदाव्या क्रमांकावर आर्जिनीन होते — लांब बाहूचे अमिनो आम्ल. त्याचे संपर्क सगळ्यांत जास्त निघाले. वर्षाने त्याला सरपंच असे नाव ठेवले, "जिकडं बघावं तिकडं ह्याचाच हात खांद्यावर." मला मात्र त्यात माझा शोध दिसला. या एका कडीवर सगळी रचना उभी आहे, असे मी मांडणार होतो. संपर्क मोजणारा संगणकीय प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता, साठीच्या उंबरठ्यावर, आणि त्याचा मला फार गर्व होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली. "सर, सरपंच खोटा निघाला." रचनेच्या फायलीत त्या आर्जिनीनच्या बाहूच्या दोन जागा नोंदवलेल्या होत्या. रचना प्रथिनाच्या स्फटिकावरून काढतात, आणि स्फटिकातल्या काही रेणूंमध्ये तो इकडे वळलेला असतो, काहींमध्ये तिकडे. एकाच वेळी दोन्हीकडे कधीच नसतो. माझा प्रोग्राम दोन्ही जागा एकदम धरत होता. "एकच माणूस दोन खुर्च्यांवर बसवलाय आपण," ती म्हणाली, "आन् दोन्हीकडची माणसं त्याचीच म्हणून मोजलीत." तिने जागा वेगळ्या करून मोजले होते. दोनशे चौदा अगदी सामान्य निघाला.

तिचे बरोबर होते. मला दोन मिनिटांत कळले. मी काय म्हणालो? "आहे तसे राहू दे. तुला यातले अजून कळायचे आहे." जागेवर जाऊन तिने नोंदवहीत नियमाप्रमाणे सगळे लिहिले: चूक काय, प्रोग्रामच्या कोणत्या ओळीत, दुरुस्त केल्यावर आकडे काय, आणि शेवटी 'सरांना दाखवले'. संध्याकाळी वही माझ्यासमोर आली. मी खाली 'पाहिले' लिहून सही केली. सही करायची सवय होती. तिने लिहिलेले खोटे ठरवायचे धाडस तेव्हा नव्हते, आणि ते खरे आहे असे म्हणायचेही नव्हते.

त्या नोंदवहीविषयी सांगायला हवे. माझ्या विभागात वह्या कोर्टातल्या दप्तरासारख्या ठेवल्या जात. प्रत्येक पानावर क्रमांक मी माझ्या हाताने घाली, आणि पहिल्या पानावर दाखला लिही — या वहीत एक ते दोनशे पाने असून ती पूर्ण आहेत. खाली सही, शिक्का. कोणी पान काढू नये म्हणून. कोणी म्हणजे कोण? विद्यार्थी. मार्गदर्शक पान काढील, अशी तरतूद माझ्या कायद्यात नव्हती.

निबंध छापून आला. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाने तीच फाईल घेऊन पुन्हा मोजणी केली आणि नियतकालिकाला कळवले. नियतकालिकाने विद्यापीठाला विचारले, विद्यापीठाने मला. तिळगूळ वाटून झाला, सगळे घरी गेले, आणि मी कपाटातून वही काढली. पान त्र्याहत्तर. पट्टी ठेवून, सरळ रेषेत फाडले. घाईतही मला ते वेडेवाकडे चालले नाही.

नंतर मी समितीला पत्र लिहिले. तेरा मुद्दे. आजही सांगतो, माझ्या हयातीतले सर्वांत नेटके पत्र ते. दुहेरी जागा वेगळ्या मोजाव्यात अशी स्पष्ट तोंडी सूचना मी दिली होती; मोजणी करणाऱ्या विद्यार्थिनीने ती पाळली नाही; आणि — अकरावा मुद्दा — नोंदवहीचे पान त्र्याहत्तर गहाळ असून वही तिच्या ताब्यात होती. ज्या दाखल्याने तिचे रक्षण व्हायचे, तोच मी तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून जोडला. वहीच्या कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक वर्षाकडे. दुसरी माझ्या खिशात होती. बैठकीत ती माझ्या मांडीला टोचत होती.

वर्षा एवढेच म्हणाली, "त्या पानावर सरांची सही हाय. ते पान शोधा." अध्यक्ष म्हणाले, "पान कुठे आहे हे तुम्हीच सांगायला हवे." ती माझ्याकडे पाहत राहिली. मी कागद सारखे करीत होतो.

चूक कोणाचीही होते. तेवढ्यावर तिला सुटता आले असते. दप्तर नष्ट केल्याचा ठपका मात्र पुसला जात नाही. तिची नोंदणी रद्द झाली. तिचे वडील माझ्याकडे आले, हाताचे ऑईल नीट धुऊन. चहाला शिवले नाहीत. "सर, पोरगी खोटं बोलत न्हाय. लई हट्टी हाय, पन खोटं न्हाय. तुमी एक डाव सांगा की त्यास्नी." मी त्यांना नियम समजावून सांगितला. कलमासकट. ते "व्हय, व्हय" म्हणत ऐकत राहिले आणि जाताना माझ्या पाया पडले.

गेल्या वर्षी मी सास्तूरला गेलो. सांगायचे ठरवून गेलो होतो. वडिलांच्या दुकानाच्या अर्ध्या भागात ती आता लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. मला पाहून उठली. "या सर. पाणी घ्या." एका म्हाताऱ्याचा अर्ज चालू होता. त्याला ती सांगत होती, "बाबा, वाचल्याबिगर सही करू नगा." मी पाणी प्यालो. एसटीची वेळ विचारली. परत आलो.

ते पान मी जाळले नाही. का ठेवले, मला माहीत नाही. त्याचे चांगले कारण शोधायचा मला अधिकार नाही. माझ्या पत्रांच्या पोचपावत्यांच्या फायलीत ते इतके दिवस होते. खाली 'पाहिले', आणि माझी सही. शाई जराही फिकी झालेली नाही.

आज मूळ पान वर्षाच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाठवले आहे. प्रती विद्यापीठाला, समितीच्या तिघांना, नियतकालिकाला. सोबत हे लिखाण. माफी मागितलेली नाही. ती मागून तिच्यावर माफ करण्याचे आणखी एक काम टाकण्याची माझी इच्छा नाही. तिची गेलेली वर्षे कोणत्याही आदेशाने परत येणार नाहीत, आणि हे पान पोहोचल्यावरही येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

मागणी एकच. त्याच सभागृहात, दारे उघडी ठेवून, पुन्हा बैठक बोलवावी. वर्षाला आणि तिच्या वडिलांना यायचे असेल तर पुढच्या रांगेत बसवावे. माजी विभागप्रमुखाला उभे करावे, कागद हातात घेऊ देऊ नये, आणि विचारावे की पान त्र्याहत्तर कोणी फाडले. त्याने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यावे.