नीळकाकूंची आधाररेषा

कोपरापर्यंत निळे हात असलेल्या त्या बाईंना गल्लीत सगळे नीळकाकू म्हणत. एकतीस वर्षं त्या सूत रंगवत होत्या. घरामागे पत्र्याची शेड, त्यात तीन हौद, एक मोठी चूल आणि लडी वाळत घालायला बांबू. हौदात बोट बुडवून त्या सांगायच्या, "अजून दोन मिनिटं," आणि दोन मिनिटांनी रंग हवा तसा चढलेला असे. नवरा मालगाडीवर गार्ड, महिन्यातले वीस दिवस बाहेरच. घरात त्या आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. काकू शिकलेल्या सातवीपर्यंत, त्यामुळे कागदाची कामं वन्संकडे आणि पाण्याची काकूंकडे, अशी सरळ वाटणी होती.

एका सकाळी नाल्यापलीकडचा माळी दारात आला. शेडमधलं पाणी त्याच नाल्यात जायचं आणि नाल्याच्या काठावर त्याचे पालेभाजीचे वाफे होते. त्याच्या हातातल्या जुडीच्या देठांना निळी कड आली होती.

"काकू, भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "पण हे मी गिऱ्हाइकाला काय म्हणून विकू?"

भांडला असता तर काकूंना सोपं गेलं असतं. त्याच्या त्या मऊ बोलण्यानं त्या ओशाळल्या. दिवसभर हौद रिकामा करायला हात धजेना.

वन्संना पेपरात जाहिरात सापडली. छोट्या कारखान्यांना सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी पर्यावरण खात्याचं अनुदान होतं. त्या जाऊन अर्ज घेऊन आल्या. सव्वीस पानं.

"मराठीतच आहे गं," त्या खुशीत म्हणाल्या.

तिसऱ्या पानावर ती खुशी संपली. तिथे होतं, 'हितसंबंधी घटकांची नावे.'

"वन्सं, पेपरात हितसंबंधी म्हणतात ते म्हणजे ज्यांनी मधल्यामध्ये हात मारलेला असतो तेच ना?" काकूंनी घाबरून विचारलं.

वन्संही चपापल्या. बराच विचार करून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कोणीही नाही. आमचा व्यवहार स्वच्छ आहे.'

पुढे 'शमन की अनुकूलन, योग्य तिथे खूण करा.' वन्संनी शब्द फोडून सांगितला, "शमन म्हणजे शांत करणे."

"पण नाला शांतच असतो की."

"मग अनुकूलन असेल."

"ते काय?"

"जुळवून घेणं."

"ते तर माळी घेतोय बिचारा."

शेवटी दोन्हीकडे खूण केली. 'वस्तुरूप स्वहिस्सा' या रकान्यापाशी दोघी पुन्हा अडल्या. सरकारला आपण वस्तू द्यायची म्हणजे काय द्यायचं? काकूंना एक चांगली तांब्याची बादली आठवली, पण वन्संनी तो रकाना कोरा ठेवला.

'आधाररेषा जोडावी' हे वाचल्यावर मात्र वन्संचा चेहरा उजळला. त्यांनी भूमिती शिकवलेली होती. शेडचा नकाशा काढून त्यांनी खाली पट्टीनं लाल रेघ ओढली.

दीड महिन्यानं अर्ज परत आला. वर शेरा होता, 'आधाररेषा अप्राप्त. त्रुटीपूर्तता करावी.'

"अप्राप्त कशी? ही काय समोर!" वन्सं चिडल्या. त्यांनी रेघ जाड केली, बाण दाखवून शेजारी 'ही आधाररेषा' असं लिहिलं आणि अर्ज पुन्हा दिला.

माळ्याचे वाफे मात्र कोणाच्या शेऱ्यासाठी थांबणार नव्हते. नवरा सुट्टीवर आला तसं काकूंनी त्याच्या हातात कुदळ दिली. नवरा-बायकोंनी शेडमागे ओळीनं तीन खड्डे खणले, विटांनी बांधून काढले. पहिल्यात खडी, दुसऱ्यात कोळसा, तिसऱ्यात वाळू. हौदाचं पाणी पहिल्यात सोडायचं, तिसऱ्यातून नाल्यात जाऊ द्यायचं. पहिले आठ दिवस पाणी वाटेतच तुंबायचं. काकूंनी कोळसा तीनदा उपसला, बारीक-जाड करून पाहिला. महिन्याभरात तिसऱ्या खड्ड्यातून येणाऱ्या पाण्यात तळ दिसू लागला.

आणि अर्ज दुसऱ्यांदा परत आला. शेरा तोच.

आता काकू स्वतः कचेरीत गेल्या, सोबत वन्सं. दुसऱ्या मजल्यावर खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेला कारकून बसला होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं अर्ज उघडला, लाल रेघेकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई, आधाररेषा म्हणजे मूलस्थिती."

"म्हणजे?"

"म्हणजे हस्तक्षेपपूर्व परिस्थिती."

"कोणाच्या हस्तक्षेपाच्या?"

"तुमच्याच."

"अहो, मी कशाला कोणाच्या कामात हस्तक्षेप करू!"

कारकुनानं चष्मा डोळ्यांवर घेतला, मग पुन्हा कपाळावर चढवला. "हे बघा, मला जे लिहून दिलंय ते मी सांगतो. त्याच्यापुढचं मलाही कोणी सांगितलेलं नाही."

बाहेरच्या बाकावर पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन एक बाई बसली होती, खात्याच्या प्रयोगशाळेतली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काकू, तुमचं पाणी आज किती घाण आहे ते मोजून लिहायचं. म्हणजे नंतर किती साफ झालं ते कळतं. बस, एवढंच."

"एवढंच?" काकू म्हणाल्या, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं. "पण मी तर ते साफ करून बसले!"

घरी येऊन शेडमध्ये शिरताच वन्संनी हळूच विषय काढला. "वहिनी, एक दिवस खड्डे बंद ठेवले तर? जुन्या वाटेनं पाणी सोडायचं, बाटली भरायची, झालं. एका दिवसाचा तर प्रश्न."

जुनी वाट अडवायला लावलेल्या फळीपाशी काकू गेल्या. पलीकडे माळी वाकून रोपं लावत होता. फळी उचलायला एक हात लागला असता. साफ केल्याबद्दल मदत हवी असेल तर आधी घाण करून दाखवायचं, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या बसेना. त्या तशाच माघारी आल्या आणि हौदापाशी काम करत राहिल्या.

प्रत्येक खेपेतली एक लडी त्या न रंगवता बाजूला टांगत, म्हणजे रंग किती चढला ते शेजारी धरून बघता येई. ती कोरी लडी हातात घेतली आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "वन्सं, पाणी नाल्यात कशाला सोडायचं? खड्ड्यात पडायच्या आधीच बाटली भरू की!"

दुसऱ्या दिवशी दोघी त्या प्रयोगशाळेतल्या बाईकडे दोन बाटल्या घेऊन गेल्या. एक हौदातून निघालेल्या पाण्याची, गडद निळी. दुसरी तिसऱ्या खड्ड्यातली. त्या बाईनं दोन्ही उजेडासमोर धरल्या आणि हसली.

"हे खड्डे कोणी केले?"

"आम्हीच."

"मग वस्तुरूप स्वहिस्सा कोरा का ठेवलात? मजुरी, विटा, सगळं त्यातच येतं."

वन्संनी कपाळाला हात लावला. तो रकाना भरून, मोजणीचे आकडे जोडून अर्ज तिसऱ्यांदा गेला.

तीन महिन्यांनी पत्र आलं, 'आपल्या प्रस्तावास तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे.' काकूंनी विचारलं, हो म्हणालेत की नाही? वन्संच्या मते हो. फोनवर नवऱ्याच्या मते नाही, कारण हो असतं तर सरळ हो लिहिलं असतं. कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, "हो आहे, पण अजून नाही."

ते 'अजून नाही' पावसाळाभर चाललं. मग एके दिवशी चौथा, पक्का खड्डा बांधायला आणि पाणी उपसायच्या पंपासाठी अनुदान खरंच मिळालं. बांधकाम झाल्यावर एक तरुण अधिकारी पाहणीला आला. खड्ड्यांच्या कडेनं चालताना त्यानं विचारलं, "याच्या शाश्वततेचं काय?"

काकूंनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी मान हलवली, आपल्यालाही ठाऊक नाही म्हणून.

"मी दर पंधरा दिवसांनी वाळू बदलते," काकू चाचरत म्हणाल्या. "कोळसा महिन्यानं. आजारी पडले तर माळी बघतो, त्याला शिकवलंय."

अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि बराच वेळ लिहीत राहिला. सही करायला त्यानं वही पुढे केली. काकूंनी ओठ हलवत वाचलं, 'लाभार्थीने समुदायाधारित परिचालन व देखभाल यंत्रणा स्थापित केली आहे.'

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

"साहेब, हे आमच्याचबद्दल आहे ना?"

"हो हो, तुमच्याचबद्दल."

"बरं," म्हणून त्यांनी सही केली आणि हात पुसत हौदाकडे गेल्या. हौदात लडी सोडून बराच वेळ झाला होता.