भरावाखालचं पाणी

भात कालवता कालवता माझा नवरा ताटावरून उठायचा आणि खरकट्या हातानेच गॅलरीत जाऊन उभा राहायचा. खाली खांदा कॉलनीचा रस्ता, पार्क केलेल्या गाड्या, एखादा भाजीवाला. थोड्या वेळाने परत यायचा, "पाणी भरलं," म्हणायचा आणि उरलेला भात जेवायचा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

याला वेड म्हणायला मी बरीच वर्षं तयार नव्हते. त्याचं गाव खाडीकाठचं. भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, मध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक लाकडी दार. त्याला उघाडी म्हणतात. भरती चढायच्या आत ती बंद करायची, ओहोटीला उघडून शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं. विसरलं की खारं पाणी आत शिरतं आणि पुढे काही वर्षं त्या शेतात धड गवतही उगवत नाही. उघाडीचं काम पिढ्यान्‌पिढ्या याच्या घराकडे होतं. भरतीची वेळ रोज थोडी पुढे सरकते, तरी माझ्या सासऱ्यांनी कधी घड्याळ बघितलं नाही. "पानी आदी आंगात भरतंय," ते म्हणायचे, "मंग खाडीत."

मी तेव्हा पनवेलच्या एका कॉलेजात नुकतीच इंग्रजी शिकवायला लागले होते. पेपर होता गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांचा. कोळशाच्या खाणी, गिरण्यांचा धूर, पैशाने सुजलेली आणि आतून वाळलेली माणसं, आणि या सगळ्याकडे पाठ फिरवून रानात एकमेकांना सापडणारे कोणी दोघं. यंत्र माणसाच्या उपजत जाणिवा मारून टाकतं आणि प्रेम त्या जाग्या करतं, हे मी इतक्या तावातावाने सांगायचे की पोरं लिहून घ्यायचं सोडून माझ्याकडेच बघत बसायची. अशात मला हा भेटला.

लग्नाचं त्याने बांधावर बसून विचारलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि हा उठून पळत सुटला. परत आला तो मांडीपर्यंत चिखलाने माखून. "हां, काय म्हणत होतीस?" दुसरी कोणी असती तर तिने चप्पल दाखवली असती. मी मात्र जागच्या जागी विरघळले. माझ्या पेपरातला माणूस चिखल निथळत माझ्यासमोर उभा होता.

दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! विमानतळ येणार म्हटल्यावर गावात सगळ्यात आधी डंपर घेतला तो याच माणसाने. दसऱ्याला डंपरला झेंडूचा हार घातला, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. माझ्या पेपराच्या हिशेबाने इंजिनाच्या आवाजाने हा कोमेजायला हवा होता, पण याचा चेहरा तर फुलायचा. मी चिडले की म्हणायचा, "तुझ्या त्या लेखकांना सांग, एकदा थंडीत कमरेएवढ्या चिखलात उतरून उघाडी बंद करा, मग लिहा."

मग विमानतळासाठी गाव उठलं आणि आम्ही खांदा कॉलनीत आलो. टेकडी सुरुंगांनी फोडली आणि तिचा मुरूम खाडीत पडू लागला. त्यातल्या कितीतरी खेपा आमच्या डंपरच्या होत्या. उघाडी नेमकी कुठे गाडली गेली हे त्याला ठाऊक होतं, कारण तिच्यावरचा भराव त्यानेच टाकला. त्या दिवशी तो घरी आला, आंघोळ केली, जेवला आणि झोपला. सासरे त्याआधीच गेले होते, हे बरंच झालं.

भरती मात्र यायची थांबली नाही.

जित्याची खोड म्हणून मी आधी हसत होते. मग अमावस्या-पुनवेला, उधाणाच्या दिवशी, खालच्या कप्प्यातला तांदळाचा डबा वरच्या फळीवर दिसू लागला. चपला स्टुलावर. सतरंजी गुंडाळून पलंगावर. विचारलं तर म्हणायचा, "असू दे गं, भिजायला नको." हळूहळू मला घरात एकटीला भीती वाटायला लागली. त्याची नाही, फरशीची. पलंगावरून पाय खाली सोडताना मी आधी बघून घ्यायचे.

उरणला त्याची आत्या मासळी विकते. हा गॅलरीत गेला की पापलेटचा भाव विचारायच्या निमित्ताने मी तिला फोन लावायचे. "आत्या, आत्ता पाणी कसं आहे?"

"आताच भरलंय गो. तुला काय करायचंय पान्याचं?"

दर वेळी बरोबर. एकदा तरी चुकू दे, म्हणून मी देवाला हात जोडत होते. चुकला असता तर तो आजारी ठरला असता, आणि आजाराला औषध असतं. कॉलेजात तोच पेपर चालू होता, पण शिकवताना आवाज चढेनासा झाला. त्या कादंबऱ्यांतल्या माणसांना पळून जायला निदान रान शिल्लक होतं.

मग एक दिवस त्याने भर रस्त्यात डंपर थांबवला, दार उघडं टाकून खाली उतरला आणि तसाच उभा राहिला. मागून येणारी गाडी कशीबशी बाजूने गेली. माझा भाऊ म्हणाला, "ताई, कुठल्या तरी चाकाखाली जाईल तो. आता पुरे कर." त्याने मनाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. मी ठरवलं, रविवारी याला भरावावरच न्यायचं. कोरडी जमीन डोळ्यांनी बघेल, पायांनी चाचपेल, मग मी स्पष्ट सांगेन, आणि हे संपेल. ते संपल्यावर माझ्या नवऱ्यातलं काय उरेल, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर गेलेच नसते.

ओळखीच्या वॉचमनने आत सोडलं. नजर जाईल तिथवर सपाट, तांबूस मुरूम. रविवार म्हणून मशिनं बंद होती. दुपार होती, वारा नव्हता, आणि एवढ्या मोठ्या जागेत एकही पक्षी नव्हता. नवऱ्याने चपला काढल्या, पँट गुडघ्यांवर दुमडली आणि चालू लागला. चिखलात चालतात तसा, पाय आडवा ओढून, आधी अंदाज घेत, मग भार टाकत. कुठेतरी टेकावं म्हणून मी उभ्या असलेल्या रोलरच्या सावलीकडे सरळ निघाले.

"तिकडं नको जाऊ!" तो ओरडला. माझ्याशी तो कधीच त्याच्या घरच्या बोलीत बोलत नाही. "खोल हाय तिथं! मागं ये!"

पाणी नाही रे इथे, मुरूम आहे, तुझ्याच डंपरने टाकलेला. एवढंच तर सांगायला मी आले होते. वाक्य जिभेवर तयार होतं. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो दोन्ही हात पुढे करून उभा होता आणि ओठ पांढरे पडले होते. माझ्यासाठी इतकं घाबरलेलं माणूस मी जन्मात बघितलं नव्हतं.

चपला काढून मी हातात घेतल्या. तळव्यांना तापलेला मुरूम टोचत होता. सलवार गुडघ्यांपर्यंत वर धरली आणि त्याने जिथे जिथे पाय ठेवला होता, तिथेच पाय ठेवत मी त्याच्याकडे परत गेले.